‘चार पेन्स’ : रत्नागिरीतल्या एका सिनेमाच्या प्रकल्प नोंदी

१४ जून

पटकथेचा दुसरा खर्डा आज दादाच्या हातात दिला. दिग्दर्शन त्याचं, लेखन आणि कलादिग्दर्शन माझं. गोष्ट इथे थोडक्यात लिहून ठेवते, पुढे वाद झाला की उपयोगी पडेल.

साल १८८८. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या काळात पाच बायकांचे खून झाले. खुनी कधीच सापडला नाही. जग त्याला ‘जॅक द रिपर’ म्हणतं. त्याच काळात टेम्सच्या गोद्यांत आपल्या किनाऱ्यावरचे खलाशी होते. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाला, मुंबई-लंडन आगबोटी वाढल्या, आणि रत्नागिरीकडची कितीतरी पोरं बोटीवर गेली. आमचा डिटेक्टिव्ह त्यांच्यातलाच एक तांडेल, म्हणजे खलाशांवरचा मुकादम. माल उतरवताना हाताला इजा झाली, बोट त्याला सोडून सुटली, म्हणून तो लाइमहाउसच्या ‘स्ट्रेंजर्स होम’मध्ये अडकून पडलाय. आशियाई खलाशांसाठीचं हे वसतिगृह १८५७ पासून वेस्ट इंडिया डॉक रोडवर होतं. तांडेल काल्पनिक आहे. खून, तारखा, जागा आणि साक्षी खऱ्या.

दादाने पहिलाच प्रश्न विचारला, ‘एका खलाशाला ही उठाठेव का पडलीय?’ उत्तर कागदोपत्री आहे. १९ ऑक्टोबर १८८८ चा मुख्य निरीक्षक डोनाल्ड स्वॉन्सनचा अहवाल सांगतो, की सुमारे ८० जणांना ताब्यात घेऊन चौकशी केली, ३०० हून जास्त लोकांच्या हालचाली तपासल्या, ७६ खाटकांकडे जाऊन आले. आणि गोदीतल्या बोटींवरच्या खलाशांची, शिवाय लंडनमधल्या आशियाई लोकांचीही चौकशी केली. म्हणजे संशय आपल्या माणसांच्या बिछान्यापर्यंत पोचला होता. आमच्या गोष्टीत तांडेलाच्या जोडीदाराला वॅपिंगला टेम्स पोलीस घेऊन जातात. त्याला सोडवायचं तर खरा गुन्हेगार शोधायला हवा. तांडेल त्यासाठी बाहेर पडतो.

दादाला हे पटलं. शेवट पटलेला नाही. तो वाद पुढे येणार आहे.

२१ जून

भाट्याच्या खाडीपलीकडच्या एका चाचांकडे दुपार गेली. हयातभर बोटीवर होते. आधी चहा, मग फणसाचे गरे, आणि त्यानंतर कपाटातून जुनी नल्ली, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, काढून एकेक शिक्का दाखवला. हॅम्बुर्ग, लिव्हरपूल, टिलबरी.

मला त्यांच्याकडून बोटीची उतरंड नीट समजून घ्यायची होती. वर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग कसाब, मग खलाशी. गोऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम सारंगाच्या तोंडून खाली यायचा, खलाशाशी तो अधिकारी थेट बोलायचाच नाही. ‘मग तुमच्या तांडेलाला पोलीस काय विचारतील? दुभाष्या लागेल ना!’ चाचा म्हणाले. बरोबर आहे. वॅपिंगच्या प्रसंगात आता दुभाष्या घातलाय, आणि तो प्रसंग तिथेच उभा राहिला. तांडेल चार वाक्यं बोलतो, दुभाष्या एकच सांगतो. तांडेलाला तेवढं इंग्रजी कळतं.

दुसरी गोष्ट त्यांनी सहज बोलून टाकली, ती मात्र सोन्यासारखी आहे. ‘आम्ही घड्याळ बघत नसू. पाळी मोजायचो. कोण कधी उठणार, कोण कुठून कुठे फेरी मारणार, झोपेतसुद्धा ठाऊक.’ व्हाइटचॅपलच्या खुनांत सगळा खेळ फेऱ्यांचाच आहे. मायटर स्क्वेअरमध्ये हवालदार एडवर्ड वॉटकिन्स दीडला गेला तेव्हा चौक रिकामा होता. पावणेदोनच्या सुमारास परत आला तेव्हा कॅथरीन एडोज मरून पडलेली. मध्ये पंधरा मिनिटंसुद्धा नाहीत. इंग्रज डिटेक्टिव्ह पायाचे ठसे बघेल, आमचा तांडेल हवालदारांच्या पाळ्या बघणार. रात्री रस्त्यावर उभा राहून तो त्यांच्या फेऱ्या बोटांच्या पेरांवर मोजतो. एवढ्याने खुनी सापडत नाही, पण माणूस कसा विचार करतो ते दिसतं, आणि डिटेक्टिव्हपटात मला तेच बघायला आवडतं.

२९ जून

जागा बघायला फिरलो. इथली घरं जांभ्याची. व्हाइटचॅपल काळवंडलेल्या विटांचं. एका जुन्या गोदामाची भिंत गिलावा करून, विटांच्या रेघा मारून, काजळी फासून बघितली. दिवसा नाटकाचा पडदा वाटते, रात्री एका कंदिलात चालून जाते. पण एका भिंतीचं लंडन होत नाही. आणि आमच्याकडे पैसे एका भिंतीपुरतेच आहेत.

गाडीत बसल्या बसल्या सुचलेलं लगेच लिहून ठेवते. लंडन बांधायचंच नाही. तांडेल १८८९ च्या पावसाळ्यात घरी आलाय. पडवीत बसून तो बायकोला हे सगळं सांगतोय. तिने मुंबईसुद्धा पाहिलेली नाही. तेव्हा तो सांगेल तसं लंडन तिला तिच्याच गावातून दिसणार. पहिला खून झाला ती बक्स रो म्हणजे मशिदीमागची पाखाडी. मायटर स्क्वेअर म्हणजे बंदरावरचा चौथरा. त्या पाच बायका म्हणजे तिच्या ओळखीच्या, इथल्याच बायका, इथल्याच लुगड्यांत. नावं मात्र त्यांची स्वतःची, पूर्ण आणि नीट उच्चारलेली.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘म्हणजे प्रश्न ती विचारणार.’

हो. डिटेक्टिव्ह तीच आहे.

६ जुलै

तिसरा खर्डा. सगळे प्रसंग पडवीवरून सुरू होतात. तांडेल खुन्याबद्दल सांगायला लागतो, आणि ती दर वेळी दुसरंच विचारते. ‘रात्री अडीचला ती बाई बाहेर का होती?’

पाचांतली पहिली मेरी ॲन निकोल्स, सगळे तिला पॉली म्हणत. ४३ वर्षांची, पाच मुलांची आई, नवऱ्यापासून वेगळी. लॉजिंग हाउसमध्ये एका खाटेला रात्रीचे चार पेन्स पडत. त्या रात्री ते तिच्याजवळ नव्हते, म्हणून बाहेर काढली. जाताना नवी टोपी दाखवून म्हणाली, पैसे आणतेच आता. त्याच रात्री गोदीला मोठी आग लागली होती. तिची ओळखीची एलन हॉलंड ती आग बघून परत येत होती, तेव्हा अडीचच्या सुमारास व्हाइटचॅपल रोडवर पॉली तिला भेटली. ओळखीच्या माणसाशी तिचं हे शेवटचं बोलणं. सव्वा तास उलटला आणि बक्स रोमध्ये ती मेलेली सापडली.

ही आग मी शोधून काढलेली नाही, ती साक्षीतच आहे. पण तांडेलाला गोष्टीत आणायला इतकं सरळ दार दुसरं मिळालं नसतं. गोदीत आग लागली की खलाशी धावणारच. पहिल्या दृश्यात तो आगीसमोर उभा आहे. गर्दीतून दोन बायका त्याच्याजवळून जातात आणि तो त्यांच्याकडे बघतही नाही.

ॲनी चॅपमनलाही रात्री पावणेदोनच्या पुढे असंच बाहेर काढलं. माझी खाट राखून ठेवा, असं सांगून ती गेली. क्रोशाचं विणून विकायची, फुलं विकायची. फुप्फुसं आधीच निकामी होत आलेली.

सिनेमाचं नाव ठरलं, ‘चार पेन्स’.

१५ जुलै

होड्या अजून शाकारलेल्या आहेत. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, म्हणून मिरकरवाड्यातली माणसं मोकळी भेटताहेत आणि बंदरावर जागाही मिळतेय. ऑगस्ट लागला की कुणाला बोलायला वेळ नसेल. बंदरावरचे सगळे प्रसंग याच महिन्यात उरकायचे.

एलिझाबेथ स्ट्राइडसाठी मासळीबाजारातल्या एक मावशी तयार झाल्या. कधी रंगमंचावर पाय ठेवलेला नाही. पण हा प्रसंग त्यांच्याकडूनच करून घ्यायचा, हे मी पहिल्या भेटीतच ठरवलं. एलिझाबेथ मूळची स्वीडनची, गोटेबर्गजवळच्या गावातली. लंडनला येऊन एका सुताराशी लग्न केलं, आणि दोघांनी पॉप्लरमध्ये कॉफीचं दुकान चालवलं. पॉप्लर लाइमहाउसला लागून आहे, गोदीच्या तोंडावर. तांडेल तरुणपणी तिथे कॉफी प्यायला असेल, एवढं स्वातंत्र्य मी घेतलं. पाचांपैकी ही एकच त्याच्या आठवणीत चेहरा असलेली.

१८७८ साली टेम्समध्ये ‘प्रिन्सेस ॲलिस’ नावाची बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आपला नवरा आणि मुलं त्यात गेली, असं एलिझाबेथ लोकांना सांगायची. नवरा खरं तर १८८४ साली वारला. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, ‘बुडाला म्हटलं की लोक दोन पैशे जास्त देतात. नुसता मेला म्हटलं की नाय देत.’ दादाने तिथल्या तिथे ते वाक्य तांडेलाच्या बायकोला दिलं. मावशींना विचारून.

मरायच्या आदल्या दिवशी एलिझाबेथने लॉजिंग हाउसच्या खोल्या झाडून सहा पेन्स कमावले होते. तिच्याकडे त्या रात्रीच्या खाटेपुरते पैसे होते. हे नोंदवून ठेवते, कारण आमच्या नावाला हे छेद देतं आणि तो लपवायचा नाही.

२३ जुलै

पडवीचं चित्रीकरण. काकींच्या घराला पुढे पत्रा आहे, त्यावर पाऊस पडला की संवादातलं अक्षर ऐकू येत नाही. गोणपाट भिजवून पत्र्यावर पसरलं, वर झावळ्या टाकल्या. ध्वनीवाला खूश झाला. आता पाऊस आहे असं कळतं, पण तो अंगावर येत नाही. कौलांवरच्या पावसाचा आवाज वेगळा घेऊन ठेवलाय.

धुरासाठी नारळाची सोडणं जाळली. भरपूर धूर झाला, आणि भाऊंनी कॅमेरा लावलाही. मी थांबवलं. रिपर म्हटलं की दाट धुकं, ही सिनेमांनी लावलेली सवय आहे. त्या रात्रींच्या साक्षींत तसलं धुकं नाही. अंधार होता, बक्स रोमध्ये लांबवर एकच गॅसचा दिवा होता, आणि हवालदार जॉन नीलने हातातल्या कंदिलाच्या उजेडात पॉलीला पाहिलं. धुक्यात खुनी गूढ होतो. नुसत्या अंधारात फक्त एक न उजळलेला रस्ता दिसतो. सोडणांचा धूर आता गोदीच्या आगीसाठी वापरणार.

७ ऑगस्ट

शेवटाचा वाद. दादाचं म्हणणं प्रामाणिक आहे. प्रेक्षक दोन तास बसेल, त्याला उत्तर हवं. तांडेल दर्यावर्दी, तेव्हा खुनी पाण्यात संपावा. आणि तसा संशयितही आहे. मॉन्टेग्यू ड्रुइट, त्याचं प्रेत ३१ डिसेंबर १८८८ ला टेम्समध्ये सापडलं. १८९४ साली पोलीस अधिकारी मेल्व्हिल मॅकनॉटनने लिहिलेल्या टिपणात तीन नावं आहेत, त्यांत पहिलं याचंच.

मी ते टिपण काढून दाखवलं. मॅकनॉटन ड्रुइटला डॉक्टर म्हणतो, वय सुमारे ४१ सांगतो. ड्रुइट होता वकील आणि शाळामास्तर, वय ३१. टिपणातलं तिसरं नाव मायकेल ऑस्ट्रॉग, आणि तो त्या काळात फ्रान्समध्ये तुरुंगात होता, असं पुढे कागदपत्रांतून निघालं. एवढ्या आधारावर मेलेल्या माणसाला पाच खून चिकटवायचे? आमची अख्खी गोष्ट चुकीच्या संशयात सापडलेल्या खलाशाची आहे. शेवटाला आम्हीच तेच करायचं, हे मला जमणार नाही. मी दादाला सरळ सांगितलं, तसा शेवट झाला तर माझं नाव काढ.

भाऊंनी मध्ये पडून जेवायला नेलं. निर्णय झालेला नाही.

१२ ऑगस्ट

दादाने वेगळाच पर्याय आणला. ८ नोव्हेंबर १८८८. कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ बोट, लोक जिला ‘विजळी’ म्हणत, सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात प्रवाशांसकट बेपत्ता झाली. आणि त्याच रात्री, उजाडता ९ तारखेला, लंडनला मेरी जेन केलीचा खून. दादाला दोन्ही एकत्र गुंफायचं होतं.

मोह मलाही झाला. पण तारखा जुळल्या म्हणून दोन दुःखांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. पडवीवर एवढंच ठेवलंय. तांडेल केलीची रात्र सांगायला लागतो आणि बायको म्हणते, ‘विजळी गेली ती रात्र. आम्ही बंदरावर होतो.’ त्या वर्षी तिने कुठल्या बोटीची वाट बघितली ते तिला सांगावं लागत नाही. बर्म्याचा राजा तेव्हा रत्नागिरीत नजरकैदेत होता, त्याच्यावरचा एक संवादही खर्ड्यात होता, तो काढला. सुंदर होता, पण या गोष्टीचा नव्हता.

३१ ऑगस्ट

गणपतीत काम बंद. सगळे आपापल्या घरी. आज गौरी आल्या. उंबऱ्यावर पावलं काढली, ताईने घरभर फिरवून विचारलं, ‘गौर कशाच्या पावलांनी आली?’ आम्ही सगळ्यांनी ठरलेली उत्तरं दिली, सोन्याच्या, मोत्याच्या, धनधान्याच्या.

रात्री तारीख लक्षात आली. पॉली निकोल्सचा आज दिवस आहे. गौरीचा प्रसंग सिनेमात नाही आणि घालणारही नाही, तांडेलाचं घर वेगळं आहे. पण ताई आमच्याकडे तांडेलाच्या बायकोचं काम करते, म्हणून तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘पहिल्या प्रश्नाचा सूर बदलते मी. आत्तापर्यंत मी नवल म्हणून विचारत होते.’

९ सप्टेंबर

पहिला प्रश्न पुन्हा चित्रित केला. आधीचा टाकून दिला. आता ती तांडेलाकडे न बघता तांदूळ निवडत विचारते, आणि तो प्रश्न त्याच्या बोलण्यापेक्षा जड होतो.

कॅथरीन एडोजचाही प्रसंग झाला. ती केंटमध्ये हॉप्सच्या, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या फुलांच्या, काढणीला जाऊन आली होती, हाताशी काही उरलं नव्हतं. जोडीदाराचे बूट गहाण टाकून चहासाखर घेतली. दारूच्या नशेत सापडली म्हणून बिशप्सगेट चौकीत ठेवली, रात्री एकला सोडून दिली, पावणेदोनला मेलेली होती. तिच्या खिशातल्या वस्तूंची यादी चौकशीच्या कागदांत आहे: पत्र्याच्या दोन डब्या, एकीत चहा, एकीत साखर. गहाणवटीच्या पावत्या. पांढऱ्या चिंध्या. आम्ही डब्या भंगारवाल्याकडून आणल्या. तांडेल यादी सांगत जातो आणि बायको स्वतःच्या घरातल्या तशाच वस्तू एकेक करून सतरंजीवर मांडते. सलग एकच शॉट. भाऊंनी कॅमेरा हलवला नाही, आणि कुणी ‘कट’ म्हणायला धजावलं नाही.

२० सप्टेंबर

शेवट सुटला, आणि तो वादातून सुटला नाही. मेरी जेन केलीच्या प्रसंगातून सुटला.

इथपर्यंत तांडेलाच्या बायकोचं गणित पक्कं होत आलेलं असतं. खाटेचे पैसे नव्हते, म्हणून बाहेर होत्या, म्हणून मेल्या. एलिझाबेथचे सहा पेन्स तिला खटकलेले असतात, पण ती पुढे जाते. मग केली. केलीकडे खोली होती. १३, मिलर्स कोर्ट. २९ शिलिंग भाडं थकलेलं, पण खोली स्वतःची. ती आतच, स्वतःच्या पलंगावर मारली गेली. ९ नोव्हेंबरला सकाळी पावणेअकराला भाडं मागायला आलेल्या थॉमस बोयरने फुटक्या खिडकीतून आत पाहिलं. बोयर पलटणीतून निवृत्त झालेला, त्याला तिथे ‘इंडियन हॅरी’ म्हणत. दाराची किल्ली बरेच दिवस हरवलेली होती, तुटक्या काचेतून हात घालून आतली कडी काढायची, अशी तिची आणि जोडीदाराची रीत होती.

ताईने हे ऐकून घेतलं. पटकथेत तिला इथे एक लांब संवाद होता, माझाच, आणि मला तो आवडायचा. तिने तो म्हटलाच नाही. विचारलं, ‘किल्ली बनवून कुणी का नाही दिली?’ समोरचा नट गडबडला नाही. तांडेलासारखाच गप्प बसला.

दादा मॉनिटरवरून उठून माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘आता खुनी दाखवला तर ही बाई खाली पडेल. नको.’

२ ऑक्टोबर

शेवटचे प्रसंग. तांडेलाच्या जोडीदाराला पोलीस सोडतात, कारण त्याच्याविरुद्ध काहीच नसतं. सुटकेत तांडेलाचं श्रेय शून्य. नोव्हेंबरच्या मध्याला दोघांना परतीच्या बोटीवर घेतात. खलाशी कराराने बांधलेला, बोट सुटली की जायलाच हवं. डिटेक्टिव्ह तपास अर्धा टाकून जातो, कारण त्याची पाळी लागली. आमच्या माहितीत असल्या शेवटाचा डिटेक्टिव्हपट नाही, पण या प्रकरणाला खोटा न पडणारा शेवट दुसरा दिसत नाही.

‘रिपर’ हा शब्द अख्ख्या सिनेमात एकदाच येतो, पेपरवाल्या पोराच्या आरोळीत. ते नाव सेंट्रल न्यूज एजन्सीला २७ सप्टेंबरला मिळालेल्या पत्रातून आलं, आणि ते पत्र एका पत्रकाराचा उद्योग असावा असं वरिष्ठ पोलिसांनाच पुढे वाटलं. पेपर खपवायचं नाव पेपरवाल्याच्याच तोंडी राहील.

१८ ऑक्टोबर

कच्चं संकलन बंदरावरच्या मंडळींना दाखवलं. मावशी स्वतःला बघून लाजल्या नाहीत, शेजारणीला म्हणाल्या, ‘ही कॉफीवाली.’ एका पोराने विचारलं, ‘पण कोण होता तो?’ दादाने सांगितलं, कुणालाच ठाऊक नाही. पोराचं समाधान झालं नाही. तसंच व्हायला हवं, मला वाटतं.

चाचांनी दोन चुका काढल्या. डेकवरच्या एका प्रसंगात दोर उलट्या बाजूने गुंडाळलाय, आणि तांडेल सारंगाआधी जेवायला बसलाय. जेवणाचं दृश्य कापता येईल. दोर राहील, पुन्हा चित्रित करायला बोट नाही.

२५ ऑक्टोबर

शेवटच्या पाट्या पक्क्या केल्या. पाच पाट्या, प्रत्येकीवर नाव, वय आणि ती काय काम करायची. दादाने सहावी पाटी सुचवली होती, ‘खुनी अज्ञात’. काढली. त्याच्यासाठी जागा ठेवायची नाही, यावर आता आमच्यात दुमत नाही.

केलीची पाटी सगळ्यात अवघड गेली. तिचं मूळ गाव, घरची माणसं, खरं नाव, सगळं तिच्याच सांगण्यावर आहे, आणि त्याचा पुरावा कुणाला मिळालेला नाही. आयर्लंडमध्ये लिमरिकला जन्म, पुढे वेल्समध्ये, असं ती सांगायची. पाटीवर तेवढंच घेतलंय, ‘ती सांगायची’ या शब्दांसकट. वय सुमारे २५.

मंगळवारी चाचांचं डबिंग. दुभाष्याचा आवाज त्यांचाच घेतोय. जाताना गाडीत उशी ठेवायची, त्यांची कंबर दुखते.